एनोशिमा : एका दिवसाच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोतल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे राहायला आले, की आसाकुसा, उएनो, स्कायट्री बघून होतं आणि मग ‘आता समुद्राकडे कुठे नेता येईल?’ हा विषय निघतो. मी टोकियोच्या निशिकासाई भागात राहते. गेल्या काही वर्षांत माझ्या माणसांना, मैत्रिणींच्या पाहुण्यांना आणि कधी कधी फक्त मलाच घेऊन मी एनोशिमाला इतक्या वेळा गेले आहे, की हे प्रश्न आता फोनवर ठरल्यासारखे येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

एनोशिमा नेमकं कुठे आहे? बेट आहे म्हणजे बोटीनं जावं लागतं का?

नाही, पुलावरून चालत जायचं. टोकियोच्या नैर्ऋत्येला साधारण ५० किलोमीटरवर सागामी उपसागराच्या काठी फुजिसावा नावाचं शहर आहे. त्याच्या किनाऱ्यासमोर हे बेट आहे. घेर जेमतेम चार किलोमीटर, उंची साठ मीटरच्या आसपास. किनारा आणि बेट यांच्यामध्ये सुमारे ३९० मीटरचा पूल आहे. पायी जाणाऱ्यांचा ‘बेन्तेन पूल’ आणि शेजारी गाड्यांचा वेगळा. पुलावर वारा चांगलाच लागतो, त्यामुळे टोपी हातात धरा.

तिथे सरस्वतीचं देऊळ आहे, हे खरं का?

खरं आहे. माझ्यासाठी या बेटावर पुन्हा पुन्हा जाण्याचं कारणही तेच.

जपानमध्ये तिला बेन्झाइतेन म्हणतात, लाडानं ‘बेन्तेन-सामा’. बौद्ध ‘सुवर्णप्रभाससूत्रा’त सरस्वतीवर एक प्रकरण आहे. ते सूत्र चीनमार्गे जपानला पोहोचलं आणि त्याच्याबरोबर देवीही आली. त्या सूत्रात ती अष्टभुजा आहे, हातांत शस्त्रं आहेत. पुढे जपानी लोकांनी तिच्या हातात वीणेच्या जागी ‘बिवा’ हे त्यांचं तंतुवाद्य दिलं. मुळात सरस्वती नदीची देवी, म्हणून जपानमध्ये तिची ठाणी तळ्याकाठी, बेटावर, गुहेत, जिथे पाणी असेल तिथे असतात. वाहन म्हणून हंस मात्र इकडे आला नाही. इथे तिच्याबरोबर नाग आणि ड्रॅगन असतात, आणि जपानी पंचांगातला सर्पाचा दिवस तिचा मानतात. तिच्या नावातलं ‘प्रतिभा’ या अर्थाचं अक्षर पुढे ‘धन’ या अर्थाच्या अक्षरानंही लिहिलं जाऊ लागलं, तशी ती विद्येबरोबर संपत्तीचीही देवी झाली. आपल्याकडे ज्यासाठी सरस्वती आणि लक्ष्मी अशा दोघींकडे जावं लागतं, ते इथे एकीकडेच मागतात.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. आज कागदोपत्री हे शिंतो देवस्थान आहे. हेत्सुमिया, नाकात्सुमिया आणि ओकुत्सुमिया अशी तीन देवळं असून त्यांत तागित्सुहिमे, इचिकिशिमाहिमे आणि तागिरिहिमे या तीन बहिणी आहेत. १८६८ नंतर मेइजी सरकारनं बौद्ध आणि शिंतो देवतांची फारकत करायला लावली. त्याआधी शतकानुशतकं हे सगळं एकत्र होतं आणि बेटाची ओळख बेन्झाइतेनचं बेट अशीच होती. तिच्या मूर्ती आता हेत्सुमियाशेजारच्या छोट्या अष्टकोनी ‘होआनदेन’ मंडपात आहेत. त्यासाठी वेगळं छोटं तिकीट आहे. मुख्य देवळात मूर्ती शोधून ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून पुढे गेलेली मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मंडपात दोन मूर्ती आहेत. अष्टभुजा बेन्झाइतेन मिनामोतो नो योरितोमो या सरदारानं ११८२ मध्ये इथे स्थापन करवली, असं सांगतात. युद्धात जय मिळावा म्हणून त्यानं सरस्वतीला साकडं घातलं होतं. दुसरी ‘म्योओन’ म्हणजे सुस्वर बेन्झाइतेन. गोरी, बिवा वाजवणारी, आणि निर्वस्त्र. घरातल्या वडीलधाऱ्यांना आत जाण्यापूर्वी हे सांगा, म्हणजे ते दचकणार नाहीत. गायक, वादक, नाटकवाले पिढ्यान्‌पिढ्या तिच्यापुढे हात जोडत आले आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. माझ्या आईनं तिथे उभं राहून मला इतकंच विचारलं होतं, ‘आपण दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे काढून जी काढतो, तीच ना गं ही?’ हो, तीच.

कामाकुरा आणि एनोशिमा एकाच दिवसात होतं ना? सगळे तसंच करतात.

करतात. मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. सासू-सासऱ्यांना घेऊन सकाळी कामाकुरा, हासेचा मोठा बुद्ध, मग जेवण, आणि एनोशिमाला पोहोचेपर्यंत तीन वाजून गेले. दुकानांच्या गल्लीतून वर गेलो, पहिलं देऊळ झालं, दुसरं झालं, आणि बेटाच्या टोकाच्या गुहेपर्यंत गेलो तेव्हा दार बंद झालेलं होतं. सासरे काही बोलले नाहीत, पण इतक्या पायऱ्या उतरून आलेल्या सत्तरीच्या माणसाला बंद दारासमोर उभं केल्याचं मला फार लागलं.

तेव्हापासून माझं म्हणणं ठाम आहे. एनोशिमाला अख्खा दिवस द्या. या बेटाची वाट तीर्थयात्रेची वाट आहे. पूल, कमान, गल्ली, पहिलं देऊळ, दुसरं, तिसरं, मग उतार, आणि शेवटी समुद्रातली गुहा, जिथे हे देवस्थान सुरू झालं असं मानतात. अर्ध्यावरून परत फिरलं तर फक्त बाजार बघून आल्यासारखं होतं. कामाकुराचा बुद्ध कुठे जात नाही, त्याच्यासाठी दुसरा दिवस काढा. पाहुण्यांकडे खरंच एकच दिवस असेल, तर आधी एनोशिमा करा आणि उरलेल्या वेळात कामाकुरा.

टोकियोहून कसं जायचं?

तीन वाटा आहेत, आणि तिन्हींच्या शेवटच्या स्थानकांची नावं सारखी वाटल्यामुळे घोळ होतो. ‘काताशे-एनोशिमा’ हे ओदाक्यू रेल्वेचं, ‘एनोशिमा’ हे एनोदेन या छोट्या गाडीचं आणि ‘शोनान-एनोशिमा’ हे मोनोरेलचं स्थानक. कुणाला भेटायचं ठरवत असाल तर पूर्ण नाव सांगा.

शिंजुकूहून येणाऱ्यांना ओदाक्यू सोयीची. बऱ्याचदा फुजिसावाला गाडी बदलावी लागते. थेट गाडी मिळालीच, तर फुजिसावाला ती उलट्या दिशेनं निघते. चुकलो म्हणून उतरू नका, तिथला मार्गच तसा आहे. रोमान्सकार या आरामगाडीनं साधारण तासाभरात पोहोचता येतं, तिचा अधिभार वेगळा. ओदाक्यूचा ‘एनोशिमा-कामाकुरा फ्रीपास’ घेतला तर जाण्या-येण्याचं भाडं आणि एनोदेनवरचा दिवसभराचा प्रवास त्यात येतो. काताशे-एनोशिमा स्थानक समुद्रातल्या ड्रॅगनराजाच्या महालासारखं बांधलं आहे. आत जेलीफिशची टाकीही आहे, त्यामुळे मुलं तिथेच दहा मिनिटं खातात.

निशिकासाई, कासाईकडच्या आपल्या लोकांनी तोझाई लाइननं ओतेमाचीला उतरावं, तिथून आतल्या आत टोकियो स्टेशनला चालत जावं आणि तोकाइदो लाइन पकडून फुजिसावाला यावं. टोकियो ते फुजिसावा सुमारे पन्नास मिनिटं. पुढे ओदाक्यू किंवा एनोदेन. मुलं बरोबर असतील तर फुजिसावाच्या आधी ओफुनाला उतरा आणि शोनान मोनोरेल घ्या. ही गाडी रुळाखाली लोंबकळत जाते, डोंगराच्या बोगद्यांतून, घरांच्या छपरांवरून. चौदा मिनिटांचा प्रवास, पण घरी आल्यावर मुलं बेटाआधी तिचंच वर्णन करतात.

एनोदेन १९०२ पासूनची. एकेरी मार्गावरची छोटी गाडी, फुजिसावा ते कामाकुरा दहा किलोमीटर. एनोशिमा ते कोशिगोए या टप्प्यात ती सरळ गावच्या रस्त्यावरून मोटारींच्या मधून धावते. तिच्या एनोशिमा स्थानकाबाहेर खांबांवर धातूच्या चिमण्या बसवल्या आहेत आणि त्यांना ऋतूप्रमाणे विणलेले कपडे घातलेले असतात. तिकडे लक्ष जाऊ द्या.

कुठल्याही स्थानकावरून बेटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं पायी.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारी-फेब्रुवारी. थंडीत जा म्हटलं की लोक नाराज होतात, तरी मी हेच सांगते. हवा कोरडी आणि स्वच्छ असते, पश्चिमेला समुद्रापलीकडे फुजी दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि गल्लीत चालायला जागा असते. वसंत पंचमी याच दिवसांत येते. मी शक्य असेल त्या वर्षी त्या दिवशी जाते.

एप्रिल आणि नोव्हेंबरही छान. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये समोरच्या काताशे किनाऱ्यावर आंघोळीला अतोनात गर्दी, शिवाय ऊन दमट आणि जीवघेणं. २९ एप्रिल ते ५ मेच्या सुट्ट्यांत एनोदेनमध्ये चढायलाच रांग लागते. तेव्हा नकोच.

दिवस कसा आखावा? जरा तपशिलात सांगाल का?

सकाळी नऊ-सव्वानऊला पुलावर असा, म्हणजे साडेसातच्या आसपास घर सोडा.

पूल संपला की समोर हिरवट काशाची कमान, तोरीई. ती १७४७ मध्ये पहिल्यांदा उभी राहिली, आजची १८२१ ची. तिच्यामागून चढणीची अरुंद गल्ली सुरू होते. दोन्ही बाजूंना दुकानं, भाजलेल्या शिंपल्यांचा वास, खाऊच्या रांगा. जाताना इथे थांबू नका. खरेदी, खाणं परतीच्या वेळी. सकाळची शांतता देवळांसाठी राखा.

गल्ली संपते तिथे लाल तोरीई आणि वर पायऱ्या. पहिलं हेत्सुमिया, १२०६ मध्ये मिनामोतो नो सानेतोमोनं बांधवलेलं. इथेच बेन्झाइतेनचा मंडप, आणि नाणी धुण्याचं छोटं तळं. पुढे नाकात्सुमिया. मग माथ्यावर सॅम्युएल कॉकिंग बाग. कॉकिंग हे इंग्रज व्यापारी होते. त्यांनी १८८० मध्ये इथे जागा घेतली आणि बाग व मोठं काचघर उभं केलं. १९२३ च्या कांतो भूकंपात ते पडलं, विटांचे पाये अजून दिसतात. बागेत ‘सी कँडल’ हा २००३ मधला दीपस्तंभ-मनोरा आहे. हवा स्वच्छ असेल तरच वर जा. ढगाळ असेल तर ते पैसे बोटीसाठी ठेवा.

माथ्यावरून पुढे वाट ‘यामाफुतात्सु’ या खिंडीपाशी उतरते, जिथे बेट दोन टेकड्यांत चिरल्यासारखं दिसतं. मग पुन्हा चढ, जुनी खानावळघरं, आणि तिसरं ओकुत्सुमिया. या देवळात छताकडे बघा. तिथे एक कासव रंगवलेलं आहे. कुठेही उभं राहा, ते तुमच्याकडेच बघतं. मूळ चित्र साकाई होइत्सू या चित्रकाराचं, आत्ता दिसतं ती प्रतिकृती. आपल्याकडे देवळात कासव पायाशी असतं, इथे ते डोक्यावर आहे.

शेजारीच ड्रॅगनचं छोटं देऊळ. कथा अशी, की या भागात पाच तोंडांचा ड्रॅगन माणसांना छळत असे. एके दिवशी समुद्रातून हे बेट वर आलं आणि आकाशातून देवी उतरली. ड्रॅगन तिच्यावर भाळला. ती म्हणाली, आधी लोकांना त्रास देणं सोड. त्यानं ते मानलं, आणि शेवटी किनाऱ्यावर डोंगर होऊन राहिला.

तिथून उंच पायऱ्या उतरून चिगोगाफुची, म्हणजे समुद्राला भिडलेला सपाट कातळ. १९२३ च्या भूकंपात इथली जमीन सुमारे एक मीटर वर उचलली गेली. कोकणातल्या माणसाला हा कातळ आपल्या सड्याची आठवण करून देतो. कातळाच्या कडेनं गेलं की इवाया गुहा. इथवर साडेअकरा-बारा झालेले असावेत. मग जेवण, विसावा, आणि निवांत परत.

गुहेत काय आहे? तिकीट काढून जाण्यासारखी आहे का?

आहे. लाटांनी कोरलेल्या दोन गुहा आहेत, पहिली १५२ मीटर आणि दुसरी ५६ मीटर. पहिल्या गुहेत पुढे गेल्यावर हातात पेटती मेणबत्ती देतात. छत खाली येतं, वाकून चालावं लागतं, पाणी ठिबकतं, आणि त्या उजेडात झिजलेल्या दगडी मूर्ती दिसतात. वाट आत दुभंगते. एका फाट्याच्या टोकाशी देवस्थानाचं मूळ ठिकाण आहे. सम्राट किम्मेई यांच्या आज्ञेनं ५५२ साली इथे देवी स्थापली, अशी परंपरा सांगते. दुसऱ्या फाट्याचं टोक थेट फुजीच्या पायथ्याच्या गुहेला जाऊन मिळतं, अशी समजूत आहे.

दरडी कोसळल्यामुळे १९७१ मध्ये ही गुहा बंद केली होती, ती १९९३ मध्ये पुन्हा उघडली. समुद्र खवळला किंवा वादळ येऊन गेलं, की आजही बंद ठेवतात. बंद होण्याची वेळ हिवाळ्यात आणखी लवकर असते, म्हणून गुहा दुपारच्या आत आटपा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चढण्यासाठी ‘एस्कार’ नावाचे सरकते जिने आहेत. १९५९ पासून सुरू आहेत आणि उघड्यावर बांधलेले जपानमधले पहिले, असं म्हणतात. टप्प्याटप्प्यानं ते तुम्हाला हेत्सुमिया, नाकात्सुमिया आणि मग माथ्यावरच्या बागेपर्यंत नेतात. तिकीट लागतं. ज्येष्ठांसाठी ते बिनतक्रार काढा.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एस्कार फक्त वर जातं, खाली आणत नाही. आणि माथ्यापुढचा भाग, म्हणजे खिंड, ओकुत्सुमिया, कातळ, सगळा पायऱ्यांचाच आहे. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि नेमक्या त्या उतरत्या पायऱ्या चिगोगाफुचीला सर्वांत उंच आहेत.

यावर उपाय आहे बेन्तेनमारू ही छोटी बोट. ती पुलाजवळून निघते आणि दहा मिनिटांत चिगोगाफुचीच्या कातळावर आणून सोडते. मी आईला घेऊन गेले तेव्हा एस्कारनं वर, दोन देवळं, बाग, तिथल्या बाकावर चहा, मग हळूहळू ओकुत्सुमिया आणि खाली उतरून बोटीनं परत, असं केलं. वाटेत तीनदा बसलो. चार तास लागले, पण ती गुहेपर्यंत पोहोचली. तुमच्या माणसांना पायऱ्या शक्यतो नको असतील, तर उलट करा : बोटीनं येऊन गुहा, बोटीनंच परत, आणि मग एस्कारनं वर जाऊन देवीचं दर्शन. लाटा असतील त्या दिवशी बोट बंद असते. पूल चढण्याआधी डाव्या-उजव्या बाजूला न बघता थेट बोटीच्या धक्क्यावर चौकशी करा आणि त्यावर दिवस ठरवा.

चाकाची खुर्ची गल्लीच्या पुढे नेणं अवघड आहे. बाबागाडी घरी ठेवा, मूल पाठुंगळी घ्या.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

डबा नेलात तर नाही. हॉटेलांच्या भरवशावर जाऊ नका. मासळीचं बेट आहे, आणि भाजीच्या पदार्थालासुद्धा ‘दाशी’ हा माशाचा अर्क लागतो. उदोन या जाड शेवयांच्या रश्शात तो असतो, अंड्याच्या पदार्थांत असतो, पुष्कळदा भाजीच्या भजीबरोबरच्या सॉसमध्येही असतो. ‘मांस नाही’ म्हटलं की समोरच्याला मासे चालतात असं वाटतं. म्हणून नीट वाक्य पाठ करा : ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देस.’ मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही.

मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या नेते. तिळाचा लाडू असतोच. बेटावर बाकं आहेत, देवळाच्या आवारात मात्र डबा उघडू नये. बेटावर मिळणाऱ्या गोष्टींत ‘नोरी-योकान’ आवर्जून घ्या. कडधान्याचं गोड पुरण आगरमध्ये गोठवून त्यात समुद्रशैवाल घातलेलं असतं. आगर वनस्पतीजन्य असल्यामुळे शाकाहारी लोकांना चालतं. वाफवलेले मान्जू, म्हणजे पुरण भरलेले गोड उंडे, तेही चांगले. आपल्या पुरणाच्या दिंडाची आठवण होते. दुकानदाराला घटक विचारायला संकोच करू नका, ते पाकीट उलटून दाखवतात.

जैन आणि उपवासाच्या मंडळींनी फळं स्थानकाजवळच्या दुकानातून घेऊनच पूल चढावा.

आणि मासे खाणाऱ्यांनी काय खावं?

शिरासु. तारली आणि तिच्या जातीच्या माशांची काडीएवढी पिल्लं, उकडलेली किंवा कच्ची, गरम भातावर. कच्चं शिरासु रोज मिळेलच असं नाही. १ जानेवारी ते १० मार्च त्याची मासेमारी बंद असते, तेव्हा उकडलेलंच मिळतं. ‘एनोशिमा-दोन’ म्हणजे साझाए या मोठ्या शंखातलं मांस अंड्यात शिजवून भातावर. मला हे शिरासूपेक्षा आवडतं. गल्लीत ‘ताको सेन्बेई’साठी रांग असते. आख्खे छोटे ऑक्टोपस तापलेल्या जड पत्र्यांमध्ये दाबून कागदासारखी मोठी कुरकुरीत चकती करतात, त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. भाजलेले हामागुरी शिंपले घ्या. तिसऱ्या खाऊन वाढलेल्या माणसाला ते लगेच आपले वाटतात.

घारी खरंच हातातलं खाणं पळवतात?

पळवतात, आणि मागून येतात, त्यामुळे कळतही नाही. इथे त्यांना ‘तोन्बी’ म्हणतात. पुलावर, किनाऱ्यावर आणि चिगोगाफुचीच्या कातळावर त्या सतत घिरट्या घालत असतात. माझ्या मुलाच्या हातातला धपाटा गेला तेव्हा बोटाला नखाचा ओरखडाही उठला होता. उघड्यावर खायचं तर भिंतीला किंवा छत्रीला पाठ लावून, छपराखाली खा. मुलांच्या हातात खाऊ देऊन त्यांना पुढे पळू देऊ नका.

देवळात नमस्कार कसा करायचा? आपल्या पद्धतीनं केला तर चालेल?

चालेल, कुणी हटकत नाही. पण तिथली रीत सोपी आहे. आधी हात आणि तोंड धुवायचं, देवळासमोर पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं मागणं, आणि शेवटी एकदा वाकायचं. पाच येनचं नाणं टाकतात, कारण ‘गोएन’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. म्हणून सुटी पाचची नाणी जवळ ठेवा. आई आधी टाळ्या वाजवते आणि मग मनातल्या मनात सरस्वतीचा श्लोक म्हणते.

वाटेत असं काही आहे का, जे लोक न बघता जातात?

हेत्सुमियाच्या पायऱ्यांजवळ ‘फुकुइशी’ नावाचा एक दगड आहे. सुगियामा वाइची (१६१० ते १६९४) हे अंध वैद्य होते. तरुणपणी सुया टोचण्याची विद्या त्यांना जमेना, गुरूनं घालवून दिलं. ते इथे येऊन गुहेत उपास करून देवीला शरण गेले. परतताना या दगडाला ठेचकाळले, आणि हाताला काहीतरी टोचलं. चाचपून पाहिलं तर गुंडाळलेल्या पानात पाइनची सुई. नळीतून सुई टोचली तर हात थरथरला तरी नेम चुकत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ही दंतकथा असली तरी नळीची ती पद्धत आजही वापरात आहे. पुढे ते शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, त्सुनायोशी यांचे वैद्य झाले आणि अंधांना ही विद्या शिकवू लागले. इथे येणाऱ्या यात्रेकरूंची वाट चुकू नये म्हणून त्यांनी रस्त्यात दगडी खुणा उभारल्या. त्यांतल्या काही फुजिसावात आजही आहेत, आणि त्यांची समाधी याच बेटावर आहे. ज्याला स्वतःला वाट दिसत नव्हती त्यानं दुसऱ्यांसाठी वाटेवर खुणा लावल्या, हे मला दर वेळी त्या दगडापाशी थांबवतं.

ओहोटीला वाळूवरून चालत बेटावर जाता येतं का?

मोठ्या ओहोटीला येतं. अलिबागला कुलाबा किल्ल्यात जातो तसंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः वसंतात दुपारी, पाणी बरंच मागे जातं आणि किनारा ते बेट अशी वाळूची पट्टी उघडी पडते. पूल नव्हता तेव्हा यात्रेकरू असेच जात, जुन्या छापचित्रांत ते दिसतं. पण भरतीचं वेळापत्रक बघूनच उतरा आणि परत पुलावरून या.

पाऊस पडला तर? वादळ असेल तर?

हलक्या पावसात जा, पायऱ्या निसरड्या होतात तेवढं सांभाळा. जोराचा वारा असेल तर बोट आणि गुहा दोन्ही बंद असतात. मग किनाऱ्यावरच्या मत्स्यालयात दिवस घालवा. वादळाचा इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकला. आणि भूकंपाचा मोठा धक्का बसलाच, तर पुलाकडे धावू नका. सुनामीपासून सुटका उंचावर आहे, बेटावरच्या पाट्या तिकडेच नेतात.

पैसे, सामान, कचरा?

सुइका किंवा पास्मो हे प्रवासाचं कार्ड गाडीला चालतं, पण पेटीत टाकायला, बोटीला आणि छोट्या दुकानांत रोख लागते. मोठी बॅग स्थानकातल्या लॉकरमध्ये टाका. कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच, म्हणून घरून एक पिशवी न्या आणि सगळं परत आणा.

परत कधी निघायचं?

हवा स्वच्छ असेल तर सूर्यास्तानंतर. गुहा दुपारी झाली असेल, तर गल्लीत खरेदी करून चारच्या सुमारास पूल ओलांडून किनाऱ्यावर या आणि पश्चिमेच्या वाळूवर बसा. हिवाळ्यात साडेचार-पाचच्या सुमारास सूर्य फुजीच्या बाजूला उतरतो, डोंगराची काळी कड उमटते, आणि मग पाठीमागे बेटावरचा दीपस्तंभ लागतो. कपडे गरम हवेत, वारा बोचतो. थर्मासमध्ये थोडा चहा उरवून ठेवा. काताशे-एनोशिमा स्थानक तिथून पाच मिनिटांवर आहे.